कच्चं मडकं कुणाला म्हणायचं?

चिनी म्हणींचं एक बरं असतं. त्या खऱ्या आहेत का हे बघायला कुणी बीजिंगला जात नाही. आपल्याच डोक्यातून निघालेल्या वाक्याला वजन आणायचं असेल तर पुढे 'अशी एक चिनी म्हण आहे' एवढं जोडून द्यावं, काम झालं. सत्कार समारंभातले प्रमुख पाहुणे, कॅलेंडर छापणारे, भल्या पहाटे सुविचार पाठवणारे आपले मेहुणे, सगळ्यांचं यावर एकमत आहे. यातल्या कितीतरी म्हणी चिनी माणसानं जन्मात ऐकल्या नसतील.

पण आज जिच्याशी भांडायचं आहे ती म्हण अस्सल चिनी आहे. मूळ चिनी भाषेत अवघी सहा अक्षरं. अर्थ असा, की भरलेपणा नुकसान ओढवून आणतो आणि नम्रतेच्या पदरात लाभ पडतो. म्हणीत काहीही खोट नाही. माझं भांडण आहे ते ती आपल्याकडे ज्या दिशेनं फेकली जाते त्या दिशेशी. आमच्या धाराशिव जिल्ह्यात (२०२३ मध्ये नाव बदललं तरी तोंडातून अजून उस्मानाबादच निघतं, सवय!) मी ही म्हण या ना त्या रूपात शेकडो वेळा ऐकली असेल. सासू सुनेला सांगते, साहेब कारकुनाला सांगतो, पुढारी कार्यकर्त्याला, मास्तर पोराला. कारकुनानं साहेबाला ऐकवली असं एकदाही पाहिलं नाही. पाणी जसं उताराकडे वाहतं तशी आपल्याकडे नम्रता वरून खाली वाहते. वरच्यानं सांगायची, खालच्यानं पाळायची.

आता मूळ गोष्ट बघा. 'शू-चिंग' नावाचा चीनमधला फार जुना ग्रंथ आहे, राजांची आणि मंत्र्यांची बोलणी त्यात आहेत. (हे विशिष्ट प्रकरण पुढच्या काळात रचून घातलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण चिनी माणूस दीड हजार वर्षांहून अधिक काळ ते वाचत आला आहे, आपल्या कामाला तेवढं पुरे.) यू नावाचा एक मोठा पुरुष. महापूर आवरणारा म्हणून त्याची कीर्ती, पुढे राजा होणारा. राजा शुननं त्याला मिआओ नावाच्या लोकांवर स्वारीला पाठवलं. तीस दिवस झाले, ते लोक काही वाकेनात. तेव्हा यी नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं त्याला हे वाक्य ऐकवलं.

म्हणजे ऐकवलं कुणी? सल्ला देणाऱ्यानं. कुणाला? हाताशी फौज असलेल्या सेनापतीला, आणि तेही ऐन मोहिमेत. पुढचा भाग तर आणखी महत्त्वाचा. यूनं त्याला 'आधी तू नम्र हो, मग मला शिकव' असं म्हटलं नाही. त्याच्या बोलण्यापुढे मान झुकवली आणि सैन्य मागे घेतलं. ग्रंथ सांगतो की त्यानंतर सत्तर दिवसांनी मिआओ आपणहून आले.

तर मंडळी, ही म्हण जन्माला आली ती वरच्याला थांबवण्यासाठी. आपण ती खालच्याला गप्प बसवण्यासाठी वापरतो.

याच कुळातली दुसरी एक गोष्ट आहे ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात भांडं आहे आणि भांड्यांशी आमच्या जिल्ह्याचं जुनं नातं आहे. कन्फ्यूशियस एका जुन्या राजाच्या देवळात जातो. तिथं एक विचित्र भांडं टांगलेलं असतं. रिकामं असलं की कलतं, निम्मं भरलं की सरळ उभं राहतं आणि काठोकाठ भरलं की उलटं होऊन सगळं सांडून टाकतं. तो शिष्यांना पाणी ओतायला लावतो आणि खरंच तसंच होतं. देवळाचा राखणदार सांगतो की हे भांडं आसनाशेजारी ठेवायचं असतं. कुणाच्या आसनाशेजारी? राजाच्या स्वतःच्या! चिनी भाषेत बोधवाक्याला जो शब्द आहे त्याचा अक्षरशः अर्थ 'आसनाच्या उजव्या हाताशी कोरलेलं' असा होतो. आपल्या उजव्या हाताशी, आपल्याला दिसेल असं. आपल्याकडे बोधवाक्य कुठं लावतात? साहेबाच्या पाठीमागे. म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतं आणि खुर्चीतल्याला कधीच दिसत नाही. पुढच्या वेळी कचेरीत गेलात तर बघा.

आता कुणी म्हणेल, चीनचं कौतुक कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? बरोबर आहे, काहीच कमी नाही. शहरापासून तासाभराच्या आत तेर आहे. तेरणा नदीकाठचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत व्यापार करणारं तगर नगर ते हेच. ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून त्याचा उल्लेख येतो. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून उभं राहिलेलं संग्रहालय आहे, तिथं मातीच्या वस्तू बघत दिवस जातो. आणि तिथंच गोरोबाकाकांची समाधी आहे. चैत्रात यात्रा भरते. आमच्या भागात 'काका' एवढंच म्हटलं तरी पुरतं.

काकांची ती गोष्ट सगळ्यांना येते. निदान सगळ्यांना वाटतं की येते. संतमंडळी जमली आहेत. कुणी म्हणतं तेरला, कुणी म्हणतं पंढरपूरला, ते असो. मुक्ताबाई विचारते, काका, तुम्ही कुंभार, तर यातली पक्की मडकी कुठली आणि कच्ची कुठली ते सांगा. काका थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे निमूट बसून राहतात. नामदेव मात्र चिडतात. काका म्हणतात, हे कच्चं. नामदेव रुसून पांडुरंगाकडे जातात, आणि देव त्यांचीच समजूत काढून विसोबा खेचरांकडे शिकायला पाठवतो.

या गोष्टीतून आपण उचललं काय? तर फक्त एक शिवी. 'कच्चं मडकं आहेस अजून.' कुणी तरुण पोर काही बोललं की तोंडावर फेकायला सोपं. मी लहानपणापासून ऐकते आहे. गोष्टीतली माणसं कोण होती हे मात्र कुणी सांगत नाही.

परीक्षा मागितली कुणी? जमलेल्यांत वयानं सगळ्यात लहान असलेल्या मुलीनं. परीक्षा घेतली कुणी? शास्त्री-पंडितानं नाही, गावच्या बलुत्यावर जगणाऱ्या कुंभारानं, आणि तीही आपल्या रोजच्या कामाच्या हत्यारानं. नापास कोण झालं? देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो अशी ख्याती असलेला, त्या मेळ्यातला सगळ्यात नावाजलेला भक्त! मान्य, गोरोबाकाका वयानं थोरले होते, तेव्हा थोरल्यानं धाकट्याला तपासलं असंही कुणी म्हणेल. पण थापटणं पडलं ते एकजात सगळ्यांच्या डोक्यावर. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, कुणी सुटलं नाही. 'मी कोण आहे माहीत आहे ना?' असं मनात आणलं ते एकट्यानंच, आणि तोच कच्चा निघाला.

आणि विसोबा तरी कोण? हीच तर खरी गंमत आहे. ज्ञानेश्वरादी भावंडांना छळण्यात हा माणूस पुढे होता. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर हवं होतं, तर गावातल्या कुंभारांनी ते तिला देऊ नये म्हणून यानं अडवलं, अशी कथा आहे. मग ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले गेले आणि ते बघून विसोबा त्या पोरांना शरण गेला. वयानं कितीतरी लहान असलेल्या, गावानं वाळीत टाकलेल्या पोरांना! त्यांच्याकडून शिकला आणि पुढे नामदेवांचा गुरू झाला. औंढा नागनाथच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या म्हाताऱ्याची कथा ती याचीच. म्हणजे या सगळ्या साखळीत विद्या कशी वाहते बघा. धाकट्याकडून थोरल्याकडे, हिणवलेल्याकडून मानाच्याकडे. आणि नामदेवांचं मोठेपण कशात? ते चिडले, रुसले, पण गेले. नुसती मान खाली घालून 'काका, मी कच्चा, मी पामर' म्हणत बसले नाहीत. औंढ्याची वाट धरली.

आपल्याकडे नम्रता म्हणजे मानेचा व्यायाम झाला आहे. वाकलं की झालं. त्या चिनी म्हणीत 'लाभ' म्हणून जो शब्द आहे तो आपण खाऊन टाकला. नम्रतेनं काहीतरी पदरात पडायला हवं, काल येत नव्हतं ते आज यायला हवं. 'आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय' असं हात जोडून म्हणणारे आणि त्यानंतर एक अक्षरही नवं न शिकणारे लोक माझ्या माहितीत भरपूर आहेत, आणि त्यातले बरेच चांगले बागायतदार आहेत! :) ती नम्रता नव्हे. ते शिकायचं टाळण्याचं सभ्य निमित्त आहे.

आता घरची गोष्ट. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहिते आहे.

आमची एक पुतणी बी.एस्सी. ॲग्री झाली. माझं माहेर कळंब तालुक्यातलं, घरी सोयाबीन. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या आधी ती म्हणाली, की घरचं बियाणं वापरणार आहात तर आधी उगवण तपासू. यात परदेशी असं काही नव्हतं. कृषी खातं दर मे महिन्यात हेच सांगतं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदानावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या मापानं पेरा. कमी आले तर एकरी बियाणं वाढवा, फारच कमी आले तर बियाणं बदला. खर्च किती? शून्य.

तिला शंका यायला कारण होतं. सोयाबीनचं कवच फार नाजूक. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती उंचावरून आपटली, थप्पी आढ्यापर्यंत रचली की दाणा वरून टपोरा दिसतो आणि आतून मेलेला असतो. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी झाल्या होत्या. आणि २०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आपणहून दखल घ्यावी लागली होती, हेही कुणी विसरलं नव्हतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय सांगितलं? चिनी म्हण! कुठल्याशा कार्यक्रमात ऐकलेली, ताजी ताजी. वर आमची देशी जोड: "चाळीस वर्षं पेरतोय आम्ही. तू अजून कच्चं मडकं. पोरीच्या जातीनं जरा नमतं घ्यावं." बाकीचे हसले. बारदान कोरडंच राहिलं.

पेरलं. पाऊस चांगला झाला होता, शेजारचं रान हिरवं झालं. आमच्या रानात वीतभर जागा सोडून एक रोप, पुढं हातभर काहीच नाही. मोडून दुबार पेरणी. बियाणं विकत, खत पुन्हा, ट्रॅक्टरचं भाडं पुन्हा, आणि पंधरा दिवस गेले ते गेलेच. दोष पावसाला दिला गेला. पुतणीला कुणी एका शब्दानं काही म्हटलं नाही, आणि तीही काही बोलली नाही.

ती आता विचारल्याशिवाय बोलतच नाही. दिवाळीला गेले तर घरातल्या बायका कौतुकानं सांगत होत्या, पोरगी आता किती नम्र झाली बघा.

हे वाक्य मला तेव्हापासून झोपू देत नाही. शेतातलं नुकसान पुढच्या हंगामात भरून निघतं. जिच्या शिक्षणावर घरानं पैसे घातले ती मुलगी गप्प बसायला शिकली, याला आपण गुण म्हणतो आहोत!

याच्यावरचं उत्तर मला पाठ आहे. 'आजकालच्या पोरांना फार येतं. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले की बापाला अक्कल शिकवतात.' खोटं नाही ते. अशी पोरं मी पाहिली आहेत, एखादा तर आमच्याच घरात आहे. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी जमात पूर्वीही होती, आताही आहे. पण कच्चं आणि पक्कं ओळखायचं कसं हे काकांनी दाखवून ठेवलंय ना! कुंभार मडक्याला त्याचं वय विचारत नाही. टिचकी मारतो, आवाज ऐकतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं नाहीतर चिरलेलं. शंभर दाणे ओल्या बारदानात ठेवणं म्हणजे दुसरं काय होतं? तेच थापटणं होतं. पुतणी 'माझं ऐका' म्हणत नव्हती, 'तपासून बघू' म्हणत होती. तिचं चुकलं असतं तर सातव्या दिवशी सगळ्यांसमोर दिसलं असतं. तपासायला तयार असलेल्या माणसाला गर्विष्ठ म्हणायचं आणि तपासू न देणाऱ्याला अनुभवी, हा कुठला न्याय?

ही म्हण वरच्यांच्या हातात गेली की काय होतं याचा मोठा दाखला खुद्द चीनमध्येच आहे. १९५६ च्या सप्टेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या आठव्या अधिवेशनाच्या उद्घाटनाला माओनं याच जुन्या म्हणीच्या वळणावरचं एक वाक्य उच्चारलं. नम्रतेनं माणूस पुढं सरकतो आणि अहंकारानं मागं पडतो, अशा अर्थाचं. ते शाळांच्या भिंतींवर गेलं, पिढ्यांनी पाठ केलं. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या वसंतात, पक्षानं लोकांना बोलावलं की आमच्या चुका दाखवा. लोकांनी दाखवल्या. उन्हाळा येईतो वारं फिरलं आणि चुका दाखवणाऱ्यांवर 'उजवे' असा शिक्का बसू लागला. शिक्षक, लेखक, इंजिनिअर, सगळे मिळून साडेपाच लाखांवर माणसं. कुणाची नोकरी गेली, कुणाला खेड्यात मजुरीला, कुणाला छावणीत पाठवलं. नम्रतेचं वाक्य शाळेच्या भिंतीवर तसंच राहिलं.

चीन मोठा, आमचं घर लहान. रीत तीच.

उलटं घडू शकतं का? घडलं आहे, आणि आमच्याच जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर पडून. पुढे पडझड झालेल्या घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यामागं होती. या बायका कोण? उंबऱ्याबाहेर बोलायचं नाही अशा शिकवणीत वाढलेल्या. त्या भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं हे शिकल्या, गवंड्यांच्या कामावर नजर ठेवू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या, गावाला समजावून सांगू लागल्या. पहिल्या दिवशी किती जणांनी नाकं मुरडली असतील याची कल्पना मला आहे, माझीच माणसं आहेत ती. पण ज्यांच्या हातात सही होती त्यांनी निदान ऐकून घेतलं. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा आमच्या भागातल्या बायका तिकडे गेल्या, तिथल्या बायकांना शिकवायला. लुगडं नेसून, शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन गेल्या असणार, दुसरं काय :)

त्यांना कुणी 'आधी नम्र व्हा' म्हणून थांबवलं असतं तर त्या घरीच बसल्या असत्या, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, किती शालीन बायका.

आबा, तुम्ही हे कुणाकडून तरी वाचून घेणार हे मला माहीत आहे. रागवा खुशाल, मी पंचमीला येतेय, तेव्हा समोरासमोर बोला. पण त्याच्या आधी मे महिना आहे. माळ्यावर दोन रिकामी बारदानं आहेत, मी पाहिली आहेत. त्यातलं एक तुमच्या हातानं भिजवा आणि तिला हाक मारून म्हणा, ये गं, मोज शंभर दाणे.